पाइपांचं फाटक

चवथीच्या आदल्या मंगळवारी कुसव्याच्या बाजारात रसिकाने शंकरचा हात चावला, तो दाताला हाड लागेपर्यंत. पुढे कितीतरी दिवस गावात त्याच गजाली चालल्या. कोणी म्हणे बाईच्या अंगात आलं, कोणी म्हणे मूळचीच तिखट. पण ते चावणं कळायचं तर कुसव्याचा नवा बाजार कसा बांधला होता, ते आधी सांगायला हवं.

जुना बाजार तिठ्यावर पिंपळाखाली भरायचा, उघड्या मातीत. त्याला दार नव्हतं, कुंपण नव्हतं. एसटीतून उतरणाऱ्याचा पाय खाली टेकायचा तो अळवाच्या जुडीशेजारीच. म्हातारी माणसं काठी टेकत यायची, बाया कडेवर पोर घेऊन यायच्या, ज्याला जिकडून जमेल तिकडून त्याने यावं. मग रस्त्यावर गाड्या वाढल्या, दोन अपघात झाले आणि पंचायतीने बाजार उचलून शाळेच्या मागच्या भाटल्यात, मोकळ्या जमिनीवर नेला. चारी बाजूंनी चिऱ्याची भिंत घातली, वर पत्रा घातला, आत कमरेएवढे सिमेंटचे ओटे बांधले. उद्घाटनाला फुगे लावले होते.

आत जायला दोन वाटा ठेवल्या. पुढची वाट माणसांची. तिथे गुरं आत शिरू नयेत म्हणून खड्डा खणून त्यावर आडवे लोखंडी पाइप टाकलेले. दोन पाइपांच्या मधे गाईचा खूर अडकेल एवढी फट. गाईचा खूर अडकतो तिथे माणसाची काठी अडकेल, लहान पोराचा पाय अडकेल, हे बांधणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मागची वाट टेम्पोंची. तिला सिमेंटचा सपाट उतार, रुंद लोखंडी फाटक आणि फाटकाला कुलूप. चावी शंकरच्या कमरेला.

शंकरने बाजाराचा ठेका घेतला होता. तो काही जन्माचा दुष्ट नव्हता. पूर्वी टेम्पो चालवायचा, कोणाच्या लग्नाला भांडी पोचव, कोणाची कौलं आणून दे, अशी कामं हसतमुखाने करायचा. पण ठेका मिळाला, गळ्यात शिट्टी आली, कमरेला चावी आली, आणि त्याचा आवाज बदलला. घाटावरचे मोठे व्यापारी टेम्पो घेऊन आले की फाटक उघडायचं, ते आत गेले की बंद. बाकीच्यांनी पाइपांवरून.

जेठ महिन्यात त्या पाइपांत भाईमास्तरांचा पाय गेला. भाईमास्तर म्हणजे अर्ध्या गावाला अक्षरओळख करून दिलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे आणि मंगळवारी पिशवी घेऊन यायचे ते सुरणापेक्षा चार माणसं भेटावीत म्हणून. पाऊस नुकताच पडून गेला होता, पाइप ओले होते. पाय फटीत गेला आणि अंग पुढे गेलं. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज आत ओट्यावर बसलेल्या काशीबाईनेही ऐकला. काशीबाई म्हणजे बाजारातली सगळ्यांत जुनी बाई, नारळ आणि तवशी काकड्या विकणारी. ती पुढे कितीतरी दिवस सांगायची की सुकं लाकूड मोडतं तसा आवाज झाला, आणि मास्तर ओरडले नाहीत, नुसते पिशवी शोधत राहिले.

मास्तर अंथरुणाला खिळले ते आषाढात गेले. शंकर म्हणाला, म्हाताऱ्याने खाली बघून चालायला हवं होतं. कोणीतरी पाइपांवर फळी टाकली. आठ दिवसांत ती कोणाच्या तरी चुलीत गेली.

आता रसिकाचं. काजूच्या बागेत पालापाचोळा गोळा करताना तिला फुरसं चावलं, त्याला तीन पावसाळे झाले. कोणाच्या तरी नादाने अर्धा दिवस झाडपाल्यात गेला, आणि इस्पितळात पोचेपर्यंत पाय काळा पडत वर चढला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. शिबिरात लाकडासारखा एक पाय मिळाला, पण घामाने तो घासायचा आणि कापलेल्या जागी फोड यायचे. तो तिने माजघरात खुंटीला टांगला आणि कुबड्या घेतल्या. नवरा देवेश मालवणला ट्रॉलरवर खलाशी, आठवड्यातले पाच दिवस पाण्यावर. घराचं, पोरांचं, परसाचं, बाजाराचं सगळं तिच्याच अंगावर, आणि ते तिला हवंही होतं. जुन्या बाजारात पाय असतानाही ती पिंपळाच्या मुळीवर बसायची, पाय गेल्यावरही तिथेच बसली. नव्या बाजारात मात्र तिला दर मंगळवारी शंकरपुढे उभं राहावं लागायचं. फाटक उघड म्हणून सांगायचं, मग तो मोबाइलवर बोलत राहायचा, टेम्पो आत जाईपर्यंत ती उतारावर उन्हात ताटकळत राहायची. आत पोचेपर्यंत ओटे भरलेले. तसेही ओटे तिच्या कामाचे नव्हते, कुबड्यांवर कमरेएवढं कोण चढणार? ती शेवटी मासळीच्या गटाराजवळ जमिनीवर बसायची. तिथे गिऱ्हाईक नाक दाबून यायचं, किंवा येतच नसे.

चवथीचा बाजार म्हणजे वर्षाचा बाजार. गणपतीच्या डोक्यावर माटवीची लाकडी चौकट बांधायची तर रानातली फळं, फुलं, पाला सगळं लागतं. रसिकाच्या कुंपणावर कवंडाळाचा वेल दरवर्षी लदलदून जायचा. त्या वर्षीही लाल-केशरी फळं पानापानाला लटकली होती. ती तिने देठासकट उतरवली. कांगल्यांचे तुरे, तिरफळांचे घोस, हळदीची पानं, शिपटासकट सुपाऱ्यांचे घड, सगळं ओल्या फडक्यात बांधून हाऱ्यात रचलं. दोन दिवस अंगणात बसून तिने एकेक जुडी केळीच्या सोपटाने बांधली होती. रिक्षावाल्याने हारा मागच्या फाटकाशी उतरवला. पाऊस नुकताच थांबला होता, लाल चिखल, वर कडक ऊन, आणि गर्दी अशी की रिक्षावाला म्हणाला, वयनी, पाय ठेवूक जागा नाय. ती म्हणाली, माका एकाच पायाक होयी रे, गावात तेवढी. आणि हसली. सकाळपर्यंत ती हसत होती हे लक्षात ठेवायला हवं.

फाटकाच्या आत झेंडूचे दोन ट्रक आडवे लावलेले. शंकर घामाघूम, ट्रकवाले त्याच्यावर ओरडत होते, तो हमालांवर ओरडत होता. रसिकाने फाटक उघडायला सांगितलं.

"वयनी, आज मागला फाटक उघडूचा नाय. फुडसून जावा."

"ट्रक वायच सरकव म्हणान सांग. माका हातभर वाट होयी."

"तुमच्या एकटीसाठी उघडलंय तर सगळो बाजार हयसून भुतूर येतलो."

"येवंदे मगे. बाजारच ना तो?"

शंकरने पाठ फिरवली.  रसिकाने कोणाला तरी हारा पुढे न्यायला लावला आणि भिंतीला धरून वळसा घालून पुढच्या वाटेला आली.

पाइपांवर माणसांची रीघ लागली होती. मागून रेटा, पुढून रेटा. तिने पहिल्या पाइपावर डावी कुबडी नेमकी टेकवली, दुसऱ्यावर उजवी, आणि पाय उचलला. तेवढ्यात मागून कोणाची तरी पाटी खांद्याला लागली. डावी कुबडी निसटली, फटीतून सरळ खाली खड्ड्यात गेली, आणि रसिका तोंडावर आपटली. वरचा ओठ पाइपावर फाटला. कापलेला पाय दुसऱ्या पाइपाच्या कडेवर आदळला आणि डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. हारा घेऊन चाललेलाही धडपडला आणि हारा आडवा झाला. माणसं थांबली नाहीत असं नाही, पण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. कवंडाळं पायाखाली फुटत गेली. तिच्या हातावरही दोघातिघांचे पाय पडले.

शिट्टी वाजवत शंकर आला. वाट तुंबली होती आणि ट्रकवाल्यांचा सगळा राग अजून त्याच्या डोक्यात होता. त्याने तिला उठायला सांगितलं. तिला उठवेना. मग त्याने तिचा दंड धरला आणि गोणी ओढावी तशी तिला पाइपांवरून ओढायला लागला. फाटक्या चामडीला एकेक पाइप लागत गेला.

"पाय नाय तर घराक बसाचा," तो म्हणाला. "बाजार कित्याक नासवतंस?"

त्याचा हात तिच्या तोंडाशी होता. रसिकाने तो चावला.

तिने ठरवून केलं नाही. पण एकदा दात लागल्यावर तिला सोडवेनाही. तोंडात खारट गरम रक्त आलं, ते तिच्या ओठाचं की त्याच्या हाताचं हे तिला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. उतारावर ताटकळलेले सगळे मंगळवार त्या दातांत उतरले होते. शंकर किंचाळला. डाव्या हाताने त्याने तिच्या कानशिलात मारल्या, एक, दोन, तरी ती सुटेना, तेव्हा त्याने लाथ घातली. ती लाथ बसली नेमकी कापलेल्या पायावर.

रसिका सुटली. तिला ओकारी आली. माणसं आता लांब सरकली होती, गोल करून उभी होती. कोणी पुढे येत नव्हतं. शंकर हात धरून वाकला होता, मनगटावरून रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. रसिकाच्या हातात अजून उजवी कुबडी होती. तिने ती पडल्या पडल्याच फिरवली. कुबडीचं टोक शंकरच्या कानाच्या वर बसलं आणि तो गुडघ्यावर आला. तिने पुन्हा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा उचलली तेव्हा त्याने कुबडी पकडली, हिसकावली आणि उभा राहिला. त्याने ती दोन्ही हातांनी डोक्यावर नेली. त्याचे डोळे बघून पुढच्या रांगेतली एक बाई रडायला लागली.

कुबडी खाली आली नाही. मधे काशीबाई उभी होती. तिच्या हातात नारळ सोलायचा कोयता होता. तिने तो उगारला नव्हता, नुसता शंकरच्या पोटाला लावून धरला होता.

"शंकर, चावी दी."

"काकी, तुमी मदी पडा नुको."

"मी मदी पडलंय नाय. मी हय उबी आसय. चावी दी."

 शंकरने कुबडी टाकली, कमरेची चावी तोडली आणि काशीबाईला न देता मासळीच्या गटारात भिरकावली. त्याला वाटलं असेल, आता विषय संपला.  काशीबाई वळली, ओट्यांमधून चालत मागच्या फाटकाशी गेली आणि कोयत्याच्या पाठीने कुलपावर घाव घालायला लागली. साठीपुढची बाई, पण उभा जन्म नारळ फोडले होते. भाजीवाल्या एकेक करून ओट्यांवरून उतरल्या. कोणी वजनाचा दगड आणला, कोणी चिरा आणला. घावामागून घाव. कुलूप तुटलं तेव्हा कोयंडाही तुटला आणि फाटक बिजागरीतून एका बाजूला लटकलं. ट्रकवाल्यांनी न सांगता ट्रक बाहेर काढले.

दोघींनी रसिकाला उचलून मागच्या वाटेने आत आणलं. कोणीतरी डॉक्टरकडे चल म्हणालं. ती म्हणाली, आधी हारा आणा. हाऱ्यात वाचलेलं अर्ध्यालाही कमी होतं. गटाराजवळ नव्हे, उतार संपतो तिथे अगदी दारात ती बसली, फडकं पसरलं आणि वाचलेल्या जुड्या मांडल्या. हनुवटीवर रक्त सुकलं होतं, ओठ सुजून नाकाला लागला होता. दुपारपर्यंत सगळा माल गेला. घेणाऱ्यांपैकी कोणीही भाव पाडून मागितला नाही, आणि कोणी तिच्या तोंडाकडेही बघितलं नाही.

संध्याकाळी देवेश बोटीवरून घरी आला. चवथीसाठी रजा घेऊन आला होता, हातात पोरांसाठी फटाके होते. बायकोचं तोंड आणि पायाला बांधलेलं फडकं त्याने बघितलं, फटाके ओटीवर ठेवले आणि काही न विचारता मागच्या पडवीतून पहार घेऊन आला. रस्त्यात त्याला सगळं कळलेलं होतं. रसिका उंबऱ्यात आडवी बसली होती. तो म्हणाला, सरक. ती सरकली नाही. त्याने तिला ओलांडायला पाय उचलला तेव्हा तिने त्याची पोटरी दोन्ही हातांनी धरली.

"तू तेका मारलंस तर उद्यापासून लोक तुझी गजाल करतले," ती म्हणाली. "माझ्या वाटेची कोण करूचो नाय."

 देवेशने पहार अंगणात फेकली ती तुळशीच्या वृंदावनावर आदळून एक कोपराच उडाला. मग तो पायरीवर बसला आणि तोंड झाकून रडला. रसिकाला मात्र रडू येत नव्हतं. तिला तोंडातली ती खारट चव आठवत होती, आणि ती आवडली होती, हे कोणाला सांगावं हे तिला कळत नव्हतं.

गणपती विसर्जन झाल्यावर पंचायतीने बैठक बोलावली. शंकरच्या हाताला सात टाके पडले होते, त्याने पोलिसांत तक्रारही दिली होती. बैठक पंचायतीच्या नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात. रसिका देवेश आणि काशीबाईबरोबर आली आणि जिन्याच्या खाली उभी राहिली. जिना अरुंद, गुळगुळीत फरशीचा, कठडा अजून बसवायचा होता. वरून कारकुनाने दोनदा तिचं नाव पुकारलं. शेवटी सरपंच शर्मिष्ठाबाई स्वतः जिन्याच्या तोंडाशी आल्या. शिकलेल्या, नीटनेटक्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई.

"रसिकाताई, वर या ना. सगळे तुमच्यासाठीच थांबलेत."

"माका वर येवक जमाचा नाय, मॅडम. तुमी खाली येवा."

कारकून म्हणाला, देवेशने उचलून आणावं, दोन मिनिटांचं काम. देवेश पुढे झालाही. रसिकाने मान हलवली.

"नारळाचो पोतो आसय काय मी? उचलून नेल्यार थंय माझा म्हणणा कोण आयकतलो?"

वरून कोणीतरी म्हणालं, नाटकं आहेत. मग जिन्यावर पावलं वाजली, कोणी तरी रागाने खाली यायला निघालं होतं. काशीबाई सगळ्यांत खालच्या पायरीवर बसली, पाय पसरले, कमरेच्या पिशवीतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरायला लागली. तिला ओलांडल्याशिवाय आता कोणाला वर जाता येईना की खाली येता येईना, आणि काशीबाईला ओलांडायची कोणाची छाती नव्हती. शंकर वर, कठडा नसलेल्या जागी उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. तोही भिंतीला टेकून उभा होता, कारण एका हाताने त्या जिन्यावर तोल सांभाळणं त्यालाही अवघड जात होतं.

बराच वेळ गेला. मग शर्मिष्ठाबाईंनी खुर्च्या खाली आणायला सांगितल्या. काशीबाई तेव्हा उठली.

बैठक अंगणात फणसाखाली झाली. रस्त्याने जाणारेही थांबून ऐकत होते, त्यामुळे वर झाली असती त्याच्या दुप्पट माणसं जमली. शंकरने आपली बाजू सांगितली, आणि खरीच सांगितली. ट्रकवाले शिव्या देत होते, वाट तुंबली होती, चेंगराचेंगरी झाली असती. लाथ मारली ते चुकलं, हे तो कोणी न विचारताच म्हणाला, पण खाली बघून, कोणालाच ऐकू जाऊ नये असं. शर्मिष्ठाबाईंनी रसिकाला विचारलं, की त्रास होता तर पंचायतीकडे अर्ज करायचा, तक्रार करायची, माणसाला चावणं हा काय मार्ग झाला.

 रसिकाच्या ओठावरची खपली अजून निघाली नव्हती, बोलताना ती ताणली जात होती.

"भाईमास्तरांनी कोणाक चावल्यानी नाय, मॅडम," ती म्हणाली. "ते आज खंय आसत?"

 शर्मिष्ठाबाई पहिलीपासून चौथीपर्यंत मास्तरांच्या हाताखाली शिकल्या होत्या, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मास्तर अंथरुणावर असताना त्या एकदाही त्यांच्याकडे गेल्या नव्हत्या, हेही. त्यांनी पदराने कपाळ पुसलं. मग चार वाक्यांत बोलल्या. पाइपांवर काँक्रीटचा स्लॅब पडेल. मागच्या फाटकाला कुलूप लागणार नाही. जमिनीवर बसणाऱ्यांना दाराजवळची जागा मिळेल. आणि शंकरची पोलिसांतली तक्रार मिटवायची असेल तर रसिकाने त्याची इथेच, सगळ्यांसमोर माफी मागावी.

लोकांना हे बरं वाटलं. दोन्ही बाजूंचा मान राहिला. देवेशनेही बायकोकडे बघून मान डोलावली, माग आणि मोकळी हो, अशा अर्थाने. रसिकाने कुबड्या सरळ केल्या आणि शंकरकडे वळली.

"तुझो हात बरो होवंदे, ह्या मी देवाकडे मागलंय, आजूनय मागतंय," ती म्हणाली. "माफी मागूची नाय."

आणि ती निघाली. देवेश तिच्या मागून गेला. काशीबाईने कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि तीही उठली.

स्लॅब पडायला दोन आठवडे लागले. घाईघाईने टाकलेला, मधे थोडा उंच, पण काठी टेकली की टेकते. त्या मंगळवारी कितीतरी दिवसांनी खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या बाजारात दिसल्या. एकमेकींचा हात धरून त्या स्लॅबवरून आल्या, आणि पलीकडे आल्यावर हात सोडायचं विसरून तशाच पडवळाचा भाव करत हिंडल्या. शंकर शिट्टी गळ्यात घालून मागच्या बाजूला उभा होता. रसिका आली तसा तो टेम्पोवाल्याला ओरडला आणि टेम्पो मागे घ्यायला लावला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पुढेही कधी बोलले नाहीत.

दुपारी हवालदार आला. रसिका उताराच्या टोकाला बसून एका बाईला चिबूड दाखवत होती. हवालदार अवघडल्यासारखा बाजूला उभा राहिला, मग म्हणाला की शंकरने तक्रार मागे घेतलेली नाही, मारहाणीचं प्रकरण आहे, तर उद्या ठाण्यात येऊन जबाब द्यावा लागेल.  चिबूड घेणारी बाई हात आखडून बसली.

"येतलंय," रसिका म्हणाली. "ठाण्याक पायरे आसत?"

हवालदाराने आठवून बघितलं. रोज चढत असूनही त्याला आठवायला लागलं.

"आसत."

"धरूक काय आसा?"

"नाय."

"मगे सायबांका सांगा, टेबल भायर काढून ठेवा," असं म्हणून रसिकाने चिबूड उचललं, त्या बाईच्या नाकाशी नेलं आणि वास घे म्हणाली.